मोहोरेची किंमत आणि मजुराचा रुपया

देवपुरातल्या अभ्यासवर्गात एका तरुणाने मोबाईलवर १९१८ची सोन्याची मोहोर दाखवली. "दादा, हिची किंमत किती?"

मुंबईच्या टांकसाळीने पाडलेली ही १५ रुपयांची मोहोर त्या एकाच वर्षी निघाली. म्हणून संग्राहक तिला सोन्याच्या भावापेक्षा जास्त मोजतात. पण मजुराच्या हाती मोहोर नव्हती, रुपया होता. बाबासाहेबांनी १९२३च्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'मध्ये खरा प्रश्न विचारला: रुपयात माल किती मिळतो? १९२५मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी दाखवले, की रुपया घसरला की भाव चढतात, मजुरी मागे राहते आणि व्यापाऱ्याचा नफा मजुराच्या ताटातून निघतो.

मित्रांनो, नाणी जरूर जमवा. पण आधी मजुरीची किंमत मोजायला शिका. जय भीम!