‘आवारा’तला जग्गा आणि आमचा खानदेश

राज कपूरचा ‘आवारा’ 14 डिसेंबर 1951 रोजी प्रदर्शित झाला. सत्तर वर्षं उलटली तरी या कृष्णधवल सिनेमाची जादू ओसरलेली नाही. 1954 मध्ये सोव्हिएत रशियात त्याची सहा कोटींहून अधिक तिकिटं विकली गेली. तुर्कस्तानात त्यावरून सिनेमा निघाला. लोक गाण्यांचं, नर्गिसचं, राजच्या चॅप्लिनी वेशाचं कौतुक करतात. मी मात्र तो पुन्हा पुन्हा पाहतो तो जग्गासाठी.

जग्गा हा टोळीचा म्होरक्या. के. एन. सिंग यांनी तो फारसा आवाज न चढवता उभा केलाय. राधू कर्माकर यांच्या कॅमेऱ्याने त्याच्या चेहऱ्याचा अर्धा भाग अंधारात ठेवला की आपण सावरून बसतो. पण या भीतीच्या मागे एक जुनी फिर्याद आहे. रघुनाथ या न्यायाधीशाने जग्गाला बलात्काराच्या आरोपात शिक्षा दिलेली असते. ठोस पुरावा नसतो. बाप-आजा गुन्हेगार होते, एवढंच पुरेसं ठरतं. चोराचा मुलगा चोरच, हे न्यायाधीशाचं तत्त्वज्ञान. जग्गा तुरुंगातून पळतो आणि मग खरोखरचा डाकू होतो. न्यायाधीशाने हाकलून दिलेल्या पत्नीचा मुलगा राज मुंबईच्या झोपडपट्टीत वाढतो. जग्गा त्याला चोर बनवतो, बापाचं तत्त्वज्ञान बापाच्याच पदरात टाकायला.

ही कथा-पटकथा ख्वाजा अहमद अब्बास आणि वसंत साठे या जोडीची. अब्बास पानिपतचे, शायर हाली यांच्या घराण्यातले. साठे मराठी. एक मुसलमान आणि एक मराठी माणूस मिळून रक्त मोठं की परिस्थिती, हा प्रश्न सिनेमाच्या पडद्यावर मांडतात. तोही फाळणीला जेमतेम चार वर्षं झाली असताना. जन्मावरून माणसाचा निकाल लावणं काय असतं, हे त्या पिढीने रस्त्यावर पाहिलं होतं.

आणि हे तत्त्वज्ञान काही अब्बासांच्या कल्पनेतलं नव्हतं. ते या देशाच्या कायद्यात लिहिलेलं होतं. इंग्रजांनी 1871 मध्ये ‘गुन्हेगार जमाती’चा कायदा आणला आणि 1911 नंतर तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. जमातीत जन्मलेल्या माणसाची पोलिसांत नोंद आणि हजेरी. सोलापूरला तर अशा लोकांना तारेच्या कुंपणाआड ‘सेटलमेंट’मध्ये ठेवलं. ‘आवारा’ थिएटरांत लागला तेव्हा हा कायदा देशाच्या पुस्तकातून पुसला गेला नव्हता. तो रद्द झाला 31 ऑगस्ट 1952 रोजी. त्या लोकांना आपण आज ‘विमुक्त’ म्हणतो.

आमच्या जामनेरहून दक्षिणेकडे पाहिलं की अजिंठ्याची डोंगररांग दिसते. 1880 च्या खानदेश गॅझेटियरमध्ये तिचं नाव सातमाळा असंही आहे. तिच्या पायथ्याला राहणाऱ्या निर्धी या मुसलमान भिल्लांची नोंद त्यात आहे. पूर्वी लोक त्यांना फार भीत, बंडाच्या काळातली सर्वांत क्रूर कृत्यं त्यांचीच, असा तिचा सूर आहे. एक अख्खा समाज दोन ओळींत निकालात! त्याच खानदेशात 1825 मध्ये जेम्स आउट्रमने भिल्लांची पलटण उभारली होती, धरणगाव तिचं ठाणं. काल ज्यांना लुटारू म्हटलं, त्यांच्याच अंगावर गणवेश चढवला आणि बंदोबस्त त्यांच्याकडे सोपवला. त्यांचं रक्त तर बदललं नव्हतं. बदलली होती ती भाकरी आणि वागणूक. ‘आवारा’ला जे सांगायचंय, त्याचा दाखला आमच्या मातीत सव्वाशे वर्षं आधीच मिळाला होता.

तरीही सिनेमा शेवटी एक पाऊल मागे घेतो, असं मला वाटतं. राजच्या हातून जग्गा मारला जातो. राजवर खटला चालतो, रीटा वकील म्हणून उभी राहते, बापाचं मन वितळतं, तीन वर्षांची शिक्षा होते आणि आपण डोळे पुसत उठतो. पण राज न्यायाधीशाचाच मुलगा आहे! चांगल्या घरचा मुलगा बिघडला होता, तो सुधारला, असं म्हणून कुणीही समाधानाने घरी जाऊ शकतो. ज्याच्यावर पहिला अन्याय झाला त्या डाकूच्या मुलाचं काय? त्याचा खटला कुणी पुन्हा उघडत नाही. त्याच्या बाजूने रीटा उभी राहत नाही.

म्हणून हा सिनेमा मला आजचा वाटतो. गावात काही घडलं की आधी नाव विचारलं जातं, मग गुन्हा. एका पोराच्या चुकीचा हिशेब सगळ्या मोहल्ल्याकडे मागितला जातो. आपण त्याविरुद्ध बोलतो आणि बोललंच पाहिजे. पण आपल्या घरात रिश्ता ठरवताना ‘खानदान कसं आहे’ हा प्रश्न आपणही विचारतो. बिरादरीवरून माणूस तोलतो. पारधी वस्तीतला माणूस दारात आला की आपलीही नजर कुलपाकडे जाते. त्या घडीला आपल्यातच रघुनाथ बसलेला असतो.

राजला माफ करणं सोपं आहे, तो आपल्यातला वाटतो. पुढच्या वेळी ‘आवारा’ पाहाल तेव्हा जग्गाची बाजू घेऊन पाहा.