थेंब डोळ्यात गेला, पण औषध आत पोचलं का?

कोरपना तालुक्यात पऱ्हाटीची काडी किंवा पिकाचं पान डोळ्याला लागणं ही साधी गोष्ट. पण त्या ओरखड्यातून कॉर्नियात बुरशी शिरली, तर डोळा जाऊ शकतो. अशा वेळी हातात मिळणाऱ्या छोट्या बाटलीचा इतिहास संशोधनात येऊ पाहणाऱ्यांनी जरूर वाचावा.

डोळ्यात औषध थेंबाथेंबाने सोडणं जुनंच. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात त्याला 'आश्च्योतन' म्हटलंय, आणि कोणत्या कामासाठी किती थेंब तेही सांगितलंय. १८८४ मध्ये कार्ल कोलर यांनी कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करून दाखवला. पण औषध आत जातं कसं? १९४२ मध्ये स्वान आणि व्हाइट यांनी नेमका हाच प्रश्न तपासला. कॉर्नियाचा बाहेरचा थर तेलकट, मधला पाणथळ. म्हणजे औषध दोन्हींत थोडं थोडं विरघळणारं हवं. त्यात थेंब असतो साधारण ३० ते ५० मायक्रोलिटरचा, डोळ्यात मावतात जेमतेम ३०. उरलेलं गालावर किंवा अश्रूंबरोबर नाकात. आत पोचतं ते बहुधा ५ टक्क्यांहूनही कमी.

साहजिकच एक समज पक्की झाली: जास्त आत शिरणारं औषध ते चांगलं औषध.

आता नॅटामायसिन बघा. १९५५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांताच्या मातीतल्या जिवाणूपासून ते मिळालं. रेणू मोठा, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून ५ टक्क्यांचं गढूळ द्रावण, बाटली हलवूनच वापरायची. कॉर्नियात शिरतंही कमीच. पुढे आलेलं व्होरिकोनॅझोल मात्र छान आत जातं. मग पैज कुणावर लावाल?

तामिळनाडू आणि पुदुच्चेरीतल्या अरविंद नेत्र रुग्णालयांत २०१०-११ मध्ये ३२३ रुग्णांवर दोन्हींची तुलना झाली. २०१३ मध्ये निकाल छापून आला, आणि जिंकलं नॅटामायसिन! कॉर्नियाला भोक पडण्याचं प्रमाणही त्या गटात कमी. फ्युसारियम बुरशीच्या रुग्णांत तर नजरेचा फरक तक्त्यावरच्या सुमारे ४ ओळींचा. इतर बुरशींत मात्र तसा ठळक फरक दिसला नाही.

याचा अर्थ आत शिरणं बिनमहत्त्वाचं असा नाही. काचबिंदूचं औषध आत गेलंच पाहिजे. पण 'औषध किती आत गेलं' आणि 'डोळा वाचला का' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला मोजायला सोपा, म्हणून आपण त्यालाच दुसऱ्याचं उत्तर मानून बसतो. शिवाय कोणत्या बुरशीसाठी, हा तिसरा प्रश्न राहतोच.

तेव्हा संशोधन प्रस्ताव लिहिताना आधी एक ओळ लिहा: मी जे मोजणार आहे, ते रुग्णाला हवं तेच आहे का? नसेल, तर दोन्हींमधला दुवा सिद्ध करणं हेही तुमचंच काम.