माळ्यावरची मॅशी, भंगारातला निब्लिक

गोल्फ हा बड्या लोकांचा खेळ, असे म्हणून आपण मोकळे होतो. मुंबईचे या खेळाशी असलेले नाते मात्र आपल्या समजुतीपेक्षा बरेच जुने आहे. ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वात जुना गोल्फ क्लब कोलकात्याचा, १८२९ सालचा. त्यानंतर अवघ्या १३ वर्षांनी, १८४२ मध्ये, मुंबईत रॉयल बॉम्बे गोल्फ क्लबची स्थापना झाली. हा क्लब काळाच्या ओघात लुप्त झाला. मुंबईकर गोल्फपटूंनी सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शन्ट क्लबला दिलेले रौप्यपदक मात्र या शहराच्या नावानेच ओळखले जाते. उपनगरांपुरते बोलायचे तर घाटकोपरच्या शेजारी, चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ साली सुरू झाला. त्या काळी गोल्फच्या मैदानावर राज्य होते ते हिकरीच्या लाकडी दांड्याचे.

हिकरी हा अक्रोडाच्या कुळातील अमेरिकी वृक्ष. त्याचे लाकूड चिवट आणि लवचीक असल्याने एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या कारागिरांनी ते आपलेसे केले. लांब फटक्यांच्या काठ्यांचे लाकडी डोके पुढे पर्सिमनचे होऊ लागले. हा पर्सिमन म्हणजे आपल्या टेंभुर्णीचा, ज्याच्या पानांत विडी वळतात त्या झाडाचा, परदेशी भाऊबंद! पोलादी दांड्याला अमेरिकेत १९२४ मध्ये आणि ब्रिटनमध्ये १९२९ मध्ये मान्यता मिळाली आणि हिकरीचे दिवस भरले. तरीही १९३० साली बॉबी जोन्सने एकाच वर्षात चार प्रमुख स्पर्धा जिंकल्या त्या हिकरीच्याच बळावर.

अशा जुन्या काठ्या जमवणे, त्यांचा इतिहास धुंडाळणे आणि जमल्यास त्यांनीच खेळणे हा छंद परदेशात चांगलाच रुजला आहे. आपल्याकडे तो अपवादानेच आढळतो. जुने बंगले पाडून टॉवर उभे राहतात, तेव्हा माळ्यावरचे सामान थेट भंगारवाल्याकडे जाते. त्यात गंजलेल्या पात्याची, लाकडी दांड्याची काठी असेल, तर ती देण्यापूर्वी पाच मिनिटे निरखावी.

पहिली परीक्षा लोहचुंबकाची. लाकडी दांड्याची सवय झालेल्या खेळाडूंसाठी १९३०च्या सुमारास पोलादी दांड्यांवर लाकडासारखे दिसणारे आवरण चढवीत असत. चुंबक दांड्याला चिकटला, तर ती हिकरी नव्हे. त्यानंतर पात्याची मागची बाजू पाहावी. तेथे घडवणाऱ्या लोहाराची खूण ठोकलेली असते. चिलीम ओढण्याचा पाइप दिसला तर सेंट अँड्र्यूजचा टॉम स्टुअर्ट, तारा दिसला तर किंगहॉर्नचा विल्यम गिब्सन, हाताचा पंजा दिसला तर लेव्हनचा जॉर्ज निकोल. बहुतेकदा काठीचे नावही तेथेच कोरलेले आढळते. आजच्यासारखे क्रमांक तेव्हा सरसकट नव्हते. मॅशी म्हणजे ढोबळमानाने आजची पाच क्रमांकाची काठी, निब्लिक नवाच्या जवळपासचा. क्लीक, ब्रॅसी, स्पून ही भावंडे वेगळीच. पात्याचा दर्शनी भाग अगदी गुळगुळीत असेल तर काठी बरीच जुनी असण्याची शक्यता वाढते. ठिपके वा रेघा असल्यास ती बहुधा विसाव्या शतकातील असते. मात्र भिंतीवर टांगण्यापुरत्या केलेल्या नकलाही पुष्कळ आहेत, त्यामुळे केवळ जुनाट रंगावर भुलू नये.

खरे नुकसान होते ते हौसेपायी. पाते चकचकीत दिसावे म्हणून बफिंग करून घेतले किंवा क्रोम चढवले, की लोहाराची खूण बुजते आणि संग्राहकाच्या लेखी काठीची किंमत कवडीमोल होते. बारीक स्टील वूलने सुटा गंज हलकेच काढावा आणि तेलाचा पुसट हात द्यावा. दांड्याला अळशीचे तेल अगदी पातळ चोळून जास्तीचे पुसून टाकावे. तेलाचे फडके चुरगळून ठेवू नये, पसरून वाळवावे. बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. मुंबईचा पावसाळा हा या काठ्यांचा मोठा शत्रू. चामड्याच्या मुठीला बुरशी धरते आणि डोके व दांडा जिथे जुळतात तिथली दोऱ्याची गुंडाळी सैल पडते. काठ्या बंद प्लॅस्टिकमध्ये कोंडू नयेत आणि वाळवीच्या भयाने जमिनीलगतही ठेवू नयेत.

हिकरीने खेळणे हा निराळाच अनुभव. फटका मारताना दांडा नुसता वाकत नाही, पिळवटतोही. त्यामुळे जोर लावणाऱ्याची फजिती होते आणि संथ लयीत काठी फिरवणाऱ्याचा चेंडू सरळ जातो. एके काळी चेंडूही वेगळेच होते. प्रथम पिसे ठासून भरलेले चामड्याचे, आणि १८४८च्या सुमारास मलायातील झाडांच्या चिकापासून केलेले गटापर्चाचे. हाच गटापर्चा समुद्राखालच्या तारांवर वेष्टन म्हणून चढवीत. १८७० मध्ये एडनहून मुंबईला जोडल्या गेलेल्या तारेची भिस्तही त्यावरच होती.

इतिहासाच्या या शोधात चेंबूरच्या गल्ल्या वगळता येणार नाहीत. क्लबलगतच्या वस्तीतील कॅडी मुलांनी बांधकामाच्या सळया वाकवून काठ्या केल्या, प्लॅस्टिकचे चेंडू घेतले आणि घरांच्या दाटीत आपला गोल्फ मांडला. परदेशी छायाचित्रकारांनी तो जगाला दाखवला. स्कॉटलंडच्या लोहाराच्या खुणेसाठी पैसे मोजणाऱ्या संग्राहकाने हिकरीशेजारी अशी एक सळईही ठेवायला हरकत नाही.

प्रत्यक्ष खेळायचेच असेल, तर आजचे कठीण चेंडू जुन्या लाकडी डोक्यांना तडे पाडतात, तेव्हा मऊ चेंडू वापरावा. आणि पहिला फटका मारण्यापूर्वी दांड्यावर चीर नाही ना, हे बोट फिरवून पाहावे.