रिकाम्या आभाळाचा वाद

दीडशे वर्षांपूर्वीची निसर्गदृश्यांची छायाचित्रे कोठे पाहावयास मिळाली, तर श्रोत्यांनी प्रथम त्यांतील आभाळाकडे पाहावे, अशी आमची विनंती आहे. खाली झाडी, देवळाचे शिखर, तळ्याच्या पायऱ्या, सारे रेखीव. आणि वर मात्र कोरा कागद. ढगाचा मागमूस नाही. असे का झाले याचे उत्तर रसायनात सापडते. पण त्या कोऱ्या जागेवरून हौशी मंडळींत जी वादावादी माजली, तिचा संबंध केवळ रसायनाशी नव्हता. आपण जे पाहिले ते दुसऱ्याला दाखवायचे, तर त्यात आपल्या हाताने किती भर घालावी, हा तो प्रश्न होता.

आधी रसायनाचे थोडक्यात सांगून टाकू. त्या वेळी वापरात असलेले चांदीचे क्षार निळ्या-जांभळ्या प्रकाशाला चटकन वश होत. हिरव्या-तांबड्याला ते दाद देत नसत. झाडाची पाने उमटेपर्यंत भिंग उघडे ठेवावे, तर तोवर आभाळाचा भाग पार करपून जाई. आभाळासाठी लवकर झाकावे, तर झाडी काळीठिक्कर पडे. शिवाय निगेटिव्हच्या त्या भागावर डागही पडत. म्हणून बहुतेक जण तेथे सरळ काळी शाई फासत. म्हणजे छापात ती जागा स्वच्छ पांढरी येई. आभाळ नुसते हरवत नसे, ते पुसले जाई.

या खटाटोपाची उघड चर्चा करणारी आरंभीची एक मोठी बैठक लंडनची. १८५३ च्या जानेवारीत तेथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. सभासदांत डॉक्टर, वकील, जमीनदार, चित्रकार असे सर्व प्रकारचे लोक होते. फोटोवर पोट भरणारे त्यात थोडे. आरंभीच्याच एका सभेत सर विल्यम न्यूटन या चित्रकाराने निबंध वाचला. चित्रकाराच्या उपयोगी पडायचे तर छायाचित्र किंचित अस्पष्ट असले तरी चालेल, किंबहुना ते तसे असणेच बरे, असे त्याचे म्हणणे. सभेत मोठी खळबळ उडाली. रेषा न् रेषा स्पष्ट उमटते म्हणून ज्यांनी हा छंद धरला, त्यांना हे कसे मानवावे? पुढे दोनच वर्षांनी यांतील काही मंडळींनी आपापसांत छाप वाटून घेण्याचा प्रघात घातला आणि त्यांचे संग्रह बांधून काढले. चित्राबरोबर ते कोणत्या रीतीने घेतले याचीही माहिती द्यायची. कारागीर आपली कृती मुलालाही सांगायला कचरतो अशा त्या काळात हा मोकळेपणा आम्हांला मोठा वाटतो.

मग १८५६ च्या हिवाळ्यात लंडनच्या प्रदर्शनात गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराचे समुद्राचे एक चित्र लागले. पाण्यावर एक गलबत, आणि वर चक्क ढग! लोक थक्क झाले. ते चित्र एकाच निगेटिव्हवरचे होते. पण त्यानंतरच्या कित्येक चित्रांत ल ग्रेने समुद्र एका काचेवरचा घेतला आणि आभाळ दुसऱ्या काचेवरचे. एकच ढग त्याच्या वेगवेगळ्या समुद्रांवर आलेले पारखी डोळ्यांना आज दिसतात. ही लबाडी की कला? पुढे ढगांच्या तयार काचा विकतही मिळू लागल्या, तेव्हा या प्रश्नाला चांगलीच धार चढली. आमचे मत विचाराल, तर दोन काचा जोडण्यात पाप नव्हते; ते जोडकाम झाकून ठेवण्यात होते.

हे वारे आपल्याकडे यायला वेळ लागला नाही. लंडनच्या पाठोपाठ, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. १८५६ मध्ये कलकत्ता आणि मद्रास येथे. मुंबईच्या संस्थेने स्वतःचे नियतकालिक काढले. बहुतेक सभासद गोरे अधिकारी, पण डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही त्या मंडळींत होते. संस्थेच्या आश्रयाने जॉन्सन आणि हेंडरसन या दोघांनी १८५६ च्या अखेरीपासून हौशी छायाचित्रांची मासिक माला चालवली. छायाचित्र शाईने छापण्याची सोय तेव्हा नव्हती, म्हणून प्रत्येक अंकात खरे छाप चिकटवीत.

मात्र ही मित्रमंडळे वाटतात तितकी मोकळी नव्हती. कलकत्त्याच्या संस्थेचे खजिनदार राजेंद्रलाल मित्र, म्हणजे आपल्या पुराविद्येचे एक आद्य पंडित. १८५७ मध्ये त्यांनी टाउन हॉलमधील जाहीर सभेत निळीच्या मळेवाल्यांवर कडक टीका केली. मळेवाल्यांचे स्नेही संस्थेत होतेच. राजेंद्रलालांना संस्थेतून काढून टाकण्यात आले. त्यांच्या छायाचित्रांशी या शिक्षेचा काडीचाही संबंध नव्हता. परीक्षण करणाऱ्यांच्या पंगतीत कोणाला पाट मांडायचा, हे कलेखेरीज दुसऱ्याच हिशेबाने ठरत होते.

परीक्षकांच्या नजरेचा आणखी एक परिणाम सॅम्युएल बोर्नमध्ये दिसतो. हा नॉटिंगहॅमचा बँकेतला कारकून आणि हौशी छायाचित्रकार. १८६३ मध्ये तो हिंदुस्थानात आला आणि धंदेवाईक झाला. हिमालयाच्या तीन सफरी त्याने केल्या. १८६६ मध्ये साडेअठरा हजार फुटांवरच्या मणिरंग खिंडीत कॅमेरा लावला. काच ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि तेथल्या तेथे धुवायचा, म्हणून तंबू, रसायने, काचा सर्व बरोबर. काश्मीरच्या सफरीत हे ओझे चाळीसवर हमालांच्या पाठीवर होते. विलायतेच्या छायाचित्रण-पत्रात त्याने सफरींची लांबलचक वर्णने लिहिली. त्यांत या हमालांबद्दल तक्रारी पुष्कळ आहेत. आणि तक्रार हिमालयाबद्दलही आहे! पर्वत भव्य खरे, पण पुढे तळे नाही, हिरवळ नाही, चित्रात बसेल अशी रचना नाही. इंग्लंडातील प्रदर्शनांच्या भिंतींवर जे सुंदर ठरले होते, ते माप घेऊन हा गृहस्थ गंगेच्या उगमापाशी गेला. आणि ते माप गंगेला लागू पडेना. तरी त्याची चित्रे अप्रतिम आहेत, हे कबूल केलेच पाहिजे. लेखणीने जे नाकारले ते पुष्कळदा त्याच्या भिंगाने टिपले.

आभाळाचा प्रश्न शेवटी रसायनानेच सोडवला. १८७३ मध्ये बर्लिनच्या फोगेल या प्राध्यापकाला असे आढळले की काही रंगद्रव्ये मिसळली तर काच हिरव्या प्रकाशालाही दाद देते. पुढे तशा काचा बाजारात आल्या, भिंगापुढे पिवळी काच लावण्याची युक्ती रुळली आणि ढग व झाडी एकत्र नांदू लागली.

पण त्याआधीचा एक गडी सांगायचा राहिला. मद्रासच्या लष्करातील कॅप्टन लिनियस ट्राइप. हळेबीड-बेलूरच्या त्याच्या चित्रांना १८५५ च्या मद्रास प्रदर्शनात परीक्षकांनी पदक दिले. त्याच वर्षी तो ब्रह्मदेशात गेला. ट्राइप मेणकागदाच्या निगेटिव्हवर काम करी. कोरे आभाळ त्याला सोसवेना आणि दुसऱ्या काचेचे आभाळ त्याने आणले नाही. त्याने कुंचला घेतला आणि निगेटिव्हच्या आभाळावर स्वतःच्या हाताने ढग रंगवले. कोठे झाडांची पालवीही. त्याची काही निगेटिव्ह अजून इंग्लंडात जपून ठेवलेली आहेत, आणि त्या कागदांवर कुंचल्याचे फटकारे दिसतात.