कुत्रं भुंकतंय, पण का? : माळेगाव, माहूर आणि किल्लारीची गोष्ट

आजचा भाग एका तक्रारीपासून सुरू करतो. तीन वर्षांपूर्वीचा डिसेंबर. लातूरच्या आमच्या घरी आमचा कारवान कुत्रा, राजा, रात्रभर भुंकायचा. शेवटी शेजारचे काका वडिलांना म्हणाले, "एकतर त्याला गप करा, नाहीतर माळेगावला नेऊन विका." आणि वडील खरंच टेम्पोची चौकशी करायला लागले.

आता माळेगावच का? नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यात माळेगावची खंडोबाची यात्रा भरते, मार्गशीर्षात. घोडे, गाढवं, उंट यांच्यासोबत तिथं कुत्र्यांचाही बाजार असतो. जिल्हा परिषद अश्व, श्वान, कुक्कुट प्रदर्शन भरवते. खंडोबाच्या दारात कुत्र्याला मान आहे. जुन्या काळी वाघ्ये देवासमोर कुत्र्यासारखे भुंकायचे, कोटंब्यातलं खायचे. म्हणजे बघा, आज ज्या आवाजावरून सोसायटीत भांडणं होतात, तो आवाज एकेकाळी भक्ती होता!

तिकडे माहूरला दत्तप्रभू, पायाशी चार कुत्रे. लोक त्यांना चार वेद मानतात. आणि नरसीचे संत नामदेव? कुत्र्यानं भाकरी पळवली, तर ते तुपाची वाटी घेऊन मागं धावले, कोरडी खाऊ नको म्हणून. ही कथा आपण भक्तीची म्हणून ऐकतो. मला तिच्यात अजून एक गोष्ट दिसते. भाकरी का चोरली हे विचारण्याआधी, त्याला काय कमी पडतंय, हे नामदेवांनी पाहिलं.

आमच्या घरी हे पाहिलं आजीनं. ती औसा तालुक्यातली, किल्लारीच्या जवळची. २९ सप्टेंबर १९९३ ला गणपती विसर्जन झालं, माणसं दमून झोपली आणि ३० च्या पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. जवळपास दहा हजार माणसं गेली. कुत्र्यांना भूकंप आधी कळतो, हे विज्ञानानं सिद्ध केलेलं नाही. पण आजी सांगते, "त्यानंतर कित्येक वर्षं कुत्रं ओरडलं की आम्ही अंगणात पळायचो." म्हणून राजा भुंकला की आम्ही कानावर उशी घ्यायचो आणि ती उठून बाहेर जायची.

एका रात्री तिनं मला हाक मारली. "हात लाव त्याला." राजा थरथरत होता.

आता कारवानची ठेवण आठवा. व्यापाऱ्यांच्या तांड्यांसोबत, कारवानांसोबत फिरणारा म्हणून ते नाव, असं सांगतात. शिकारीचा, पळणारा कुत्रा. लांब पाय, बारीक कंबर, आखूड केस, अंगावर चरबी जवळजवळ नाहीच. लांब केसांच्या पश्मीला थंडी जरा कमी बाधते, याला नाही. आणि आम्ही त्याला कुठं बांधला होता? उघड्या व्हरांड्यात, गार फरशीवर, दोन हात साखळीनं. कोपरांवर घट्टे पडून कातडी सोलली होती. तो चोराला भुंकत नव्हता. त्याला झोपच लागत नव्हती.

मग काय केलं? आडोशाला लाकडी पाट, त्यावर पोतं आणि आजीची जुनी गोधडी. जखमेसाठी डॉक्टरांकडे नेलं. साखळी सोडली, सकाळ-संध्याकाळ मोकळ्या रानात पळवायला लागलो. साताठ दिवसांत रात्रभराचं भुंकणं थांबलं. गेट वाजलं की अजूनही भुंकतो, तेवढा त्याचा हक्कच आहे.

तुमच्याकडे कुत्रं असेल तर ओरडण्याआधी एवढं बघा: पाणी आहे का, सावली आहे का, खाली मऊ आहे का, गोचीड, कान, पाय दुखतोय का. आपल्याकडचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. पत्र्याखाली बांधलेलं कुत्रं दुपारी का ओरडतं, हे कळायला पुस्तक लागत नाही. आणि हो, आपण ओरडलो की त्याला वाटतं, हेही माझ्यासोबत भुंकतायत!

माळेगावला आम्ही त्या वर्षी गेलो, पण राजाला विकायला नाही. भंडारा घेऊन परत आलो, आणि आजीनं त्यातली चिमूटभर राजाच्या कपाळाला लावली.

भेटू पुढच्या भागात. तोवर, येळकोट येळकोट!