पैनगंगेच्या दोन काठांवरची वृत्तपत्रे

वाशीमहून हिंगोलीकडे निघालात, की वाटेत पैनगंगा लागते आणि पुढे कन्हेरगाव नाका. गावाच्या नावात नाका अजून आहे. सरहद्द मात्र गेली. पूर्वी अलीकडे इंग्रजांच्या कारभारातले वऱ्हाड होते आणि पलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान. भाषा दोन्हीकडे मराठीच, सोयरीकही होतच असे. पण एका काठावर उघड वाचता येणारे मराठी वर्तमानपत्र दुसऱ्या काठावर बंदीचे ठरू शकत होते.

गंमत अशी, की कायद्याच्या दृष्टीने अलीकडचा काठसुद्धा निजामाचाच होता. १८५३च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांकडे कारभारासाठी आले. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने ते वर्षाला २५ लाख रुपयांच्या बोलीवर कायमच्या पट्ट्याने घेतले. मालकी मात्र निजामाची राहिली. १९३६च्या करारात ती पुन्हा मान्य झाली आणि निजामाच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. ब्रिटिश हिंदुस्थानातले कायदे वऱ्हाडात आपोआप चालत नसत, ते वेगळ्या हुकुमाने लागू करावे लागत. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांना काय छापता येईल आणि काय वाचता येईल, हे दोन दरबारांमधल्या कागदांवर ठरत होते.

निजामी हद्दीत वर्तमानपत्र काढायला सरकारची परवानगी लागे. पुढे ‘गश्ती निशाण ५३’ निघाले आणि परवानगीवाचून सभा घेणेही अशक्य झाले. संस्थानात साधारण चौथा हिस्सा लोक मराठी बोलणारे, तेलुगू बोलणारे त्याहून जास्त. पण दरबार, कचेरी आणि विद्यापीठ या सर्वांची भाषा उर्दू. अशा मुलखात १९२०च्या सुमारास लक्ष्मणराव फाटकांनी ‘निजाम विजय’ हे मराठी पत्र चालवले. नाव ऐकून कोणाला हसू येईल. पण त्या काळी त्या ठिकाणी मराठी पत्र टिकवायचे, तर नावापासूनच सांभाळून चालावे लागणार.

संस्थानाबाहेरून टीका करावी, तर तिथेही पंचाईत. संस्थानिकांची बेअब्रू करणाऱ्या मजकुराला शिक्षा करणारे विधेयक १९२२ मध्ये दिल्लीच्या विधिमंडळापुढे आले. लोकप्रतिनिधींनी ते मांडूच दिले नाही. तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी आपल्या खास अधिकारात ते संमत करून घेतले. १९३४ मध्ये संस्थानांच्या संरक्षणासाठी आणखी एक कायदा झाला. राजेरजवाड्यांची मर्जी सांभाळणे हे इंग्रजांच्या राजनीतीचे काम होते, आणि त्याची किंमत संपादकांनी मोजायची होती!

१९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषद भरली आणि लगेच पुढच्या वर्षी आ. कृ. वाघमारे यांचे ‘मराठवाडा’ साप्ताहिक निघाले. निजाम सरकारने बंदी घातली, तेव्हा ते दुसऱ्या नावाने निघाले. त्यावरही बंदी आली, की तिसरे नाव. मजकूर तोच, बाणा तोच, फक्त पाटी बदलायची. बंदी घालणारा अधिकारीही मनातून कंटाळला असेल.

१९४७ नंतर हा मामला खरोखर दोन सरकारांमधला झाला. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत आणि निजाम यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला. कन्हैयालाल मुन्शी भारताचे प्रतिनिधी म्हणून हैदराबादला गेले. तक्रारींचे खलिते दोन्हीकडून सुटत होते. रझाकारांचा धुमाकूळ सुरू होता आणि सरहद्दीवरच्या गावांत निर्वासितांची रीघ लागली होती.

याच वेळी हैदराबादेत शोएबउल्ला खान नावाचा तरुण ‘इमरोज’ हे उर्दू दैनिक चालवत होता. मुसलमान संपादक, दरबाराच्याच भाषेतले पत्र, आणि मत काय? तर हैदराबादने भारतात सामील व्हावे. याआधी तो ज्या ‘रय्यत’ पत्रात होता, ते सरकारने बंद पाडले होते. २१ ऑगस्ट १९४८च्या मध्यरात्रीच्या सुमारास कचेरीतून घरी परतताना त्याला गाठून मारण्यात आले. त्याचा लिहिता हात तोडला गेला. सोबतच्या मेहुण्यावरही वार झाले. वय तिशीच्याही आत.

आता तारीख पाहा. हैदराबाद सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीकडे भारताविरुद्ध तक्रार केली, त्या पत्रावरची तारीखही २१ ऑगस्ट १९४८ हीच आहे. भारत आपल्यावर दडपण आणतो, असे जगाला सांगणारे सरकार स्वतःच्या राजधानीत एका संपादकाचा जीव राखू शकले नाही. हा योगायोग असेल. पण त्या तक्रारीची बाजू तोलताना मला तो विसरता येत नाही. भारताचे म्हणणे होते, की हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे. तो वाद कायदेपंडितांचा. शोएबउल्लांची बाजू मात्र पॅरिसला मांडायला कोणी गेले नव्हते.

१३ सप्टेंबरला भारतीय फौजा हैदराबादेत शिरल्या. १६ तारखेला पॅरिसमध्ये सुरक्षा समितीने विषय चर्चेला घेतला, आणि दुसऱ्याच दिवशी निजामाने शरणागती पत्करली. पुढे त्याने तक्रार मागे घेत असल्याचे कळवले. तरीही ‘हैदराबादचा प्रश्न’ समितीच्या यादीत कित्येक दशके तसाच राहिला. इकडे ‘मराठवाडा’ मात्र औरंगाबादेहून स्वतःच्याच नावाने निघू लागला.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)