खानाचा कोप आणि चाळीस डॉलरची कॅसेट

गेल्या पावसाळ्यानंतर माळ्यावरची खोकी खाली काढली, तेव्हा एका व्हीएचएस कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी धरलेली दिसली. पाठीवर निळ्या बॉलपेनने 'स्टार ट्रेक २' एवढेच लिहिलेले. नव्वदीच्या सुरुवातीला आमच्या गल्लीतली व्हिडिओ लायब्ररी बंद पडली, त्या वेळी मालकाने १५ रुपयांना देऊन टाकलेली ही कॅसेट. अर्थातच चोरटी, कॉपीची कॉपी. रंग माणसांच्या कडेने ओघळायचे आणि शेवट होण्याआधीच फीत संपायची. हा 'द रॅथ ऑफ खान' मी किती वेळा पाहिला याची गणती नाही. यंदा तो ब्लू-रे चकतीवर पुन्हा पाहिला, आणि जे तोंडपाठ आहे असे समजत होतो ते निम्मेच होते हे लक्षात आले. ते निम्मे कुठे गेले याचा शोध घेताना चित्रपटाइतकाच त्याच्या कॅसेटचा इतिहास समोर आला.

मुळात हा चित्रपट काटकसरीतून जन्मला. १९७९ च्या पहिल्या 'स्टार ट्रेक' चित्रपटावर पॅरामाउंटने सुमारे साडेचार कोटी डॉलर खर्च केले होते. (आपली पर्सिस खंबाटा त्यात डोक्याचा तुळतुळीत गोटा करून वावरते. १९६५ ची मिस इंडिया केस उतरवून हॉलिवूडच्या पडद्यावर येते, याचे अप्रूप मुंबईला बरेच दिवस होते.) गल्ला चांगला जमला, पण खर्चाने स्टुडिओचे डोळे पांढरे झाले. दुसरा भाग टीव्ही विभागाकडे गेला. टीव्ही मालिकांत मुरलेला हार्व्ह बेनेट निर्माता झाला आणि अंदाजपत्रक सव्वा कोटी डॉलरच्या आत बसवले गेले. एका जहाजाचा सेट किरकोळ बदल करून दुसऱ्या जहाजासाठी वापरला, आणि पहिल्या चित्रपटातली काही दृश्ये जशीच्या तशी उचलली.

बेनेटला मालिकेची माहिती नव्हती. त्याने जुने भाग ओळीने पाहिले आणि फेब्रुवारी १९६७ मधल्या 'स्पेस सीड' या भागातला खान नूनियन सिंग उचलला. उत्तर भारतातला, बहुधा शीख, असे त्याचे वर्णन त्या भागात येते. भूमिका मात्र मेक्सिकन रिकार्डो माँटलबानची. खान आणि सिंग एकाच माणसाच्या नावात बसवणाऱ्यांना हिंदुस्थान कितपत ठाऊक होता, हे सांगायला नकोच. दिग्दर्शक निकोलस मेयरने तर मालिका कधी पाहिलीच नव्हती. पटकथेचे अनेक खर्डे एकत्र करून त्याने बारा दिवसांत नवी पटकथा लिहिली आणि लेखक म्हणून नावही लावले नाही.

आता कॅसेटकडे वळू. त्या काळी अमेरिकेत चित्रपटाची कॅसेट साधारण ८० डॉलरला मिळे. यामागे कायदा होता. एकदा विकत घेतलेली प्रत घेणाऱ्याची. ती त्याने भाड्याने दिली तर स्टुडिओला पुढे छदामही मिळत नसे. त्यामुळे स्टुडिओ सगळी वसुली पहिल्याच विक्रीत करत, आणि गिऱ्हाईक म्हणजे दुकानदार असे धरून किंमत ठेवत. प्रेक्षक एका रात्रीपुरता भाडेकरू. पॅरामाउंटने 'खान'ची कॅसेट ३९.९५ डॉलरला, म्हणजे निम्म्या किमतीत काढली. लाखाहून अधिक प्रती खपल्या. पुढे १९८३ च्या अखेरीस 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' याच किमतीला आला, आणि १९८७ मध्ये 'टॉप गन' शीतपेयाच्या जाहिरातीच्या जोरावर २६.९५ ला. चित्रपट ही पुस्तकासारखी घरात ठेवायची वस्तू होऊ शकते, हे सिद्ध झाले.

गंमत अशी की याच सुमारास दुसरे दोन स्टुडिओ, युनिव्हर्सल आणि डिस्ने, सोनीच्या व्हिडिओ रेकॉर्डरविरुद्ध कोर्टात भांडत होते. जानेवारी १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सोनीच्या बाजूने निकाल दिला. ज्या यंत्राला चित्रपटधंदा वैरी मानत होता, तेच पुढे त्याचे पोट भरू लागले.

हाच चित्रपट आधी का निवडला गेला? मला वाटते, पारायण करणारा प्रेक्षक 'स्टार ट्रेक'पाशी आयता होता. मालिका १९६९ मध्ये बंद पडल्यावर स्थानिक वाहिन्यांवरच्या पुनःप्रक्षेपणांनीच तिला जगवले होते. या प्रेक्षकाची स्मरणशक्ती लेखकांपेक्षा पक्की. चित्रपटात खान चेकॉव्हला पाहताक्षणी ओळखतो. पण 'स्पेस सीड' दाखवला गेला तेव्हा चेकॉव्ह हे पात्र मालिकेत आलेलेच नव्हते! कॅसेट हाती आल्यावर अशा चुका काढणे हा घरगुती छंदच झाला. खानच्या फळीवर 'मोबी डिक', 'किंग लिअर', 'पॅराडाइज लॉस्ट' आहेत. आमच्या कॅसेटवर चित्र थांबवले की आडव्या पांढऱ्या रेघा नाचत, म्हणून ही नावे मी यंदा प्रथम वाचली. खानचे अर्धे बोलणे त्या फळीवरूनच आले आहे, हे तेव्हा कळते.

पण घरात आलेली वस्तू आणि थिएटरातला चित्रपट एक नव्हते. मूळ चौकट रुंदीला उंचीच्या जवळजवळ अडीचपट, टीव्हीची चार-तीनची. चित्र टीव्हीभर पसरवण्यासाठी रुंदीचा दोन पंचमांशाहून जास्त भाग कापला जाई. या कथेत कर्क आणि खान एकदाही समोरासमोर येत नाहीत. सारे वैर जहाजांच्या पडद्यांवरून चालते. अशा चित्रपटात माणूस आणि त्याच्याभोवतीची रिकामी जागा दोन्ही दिसायला हवीत. आमच्या कॅसेटमध्ये नुसते चेहरे होते.

'जेनेसिस'चे दृश्य मात्र बुरशीतूनही टिकावे इतके भक्कम. निर्जीव गोलावर आगीची लाट फिरते आणि मागे डोंगर उगवतात. मिनिटभराचे हे दृश्य लुकासफिल्मच्या संगणक विभागाने संपूर्णपणे संगणकावर रचले. आग बिल रीव्हजच्या कणपद्धतीची, डोंगर लॉरेन कार्पेंटरच्या फ्रॅक्टल गणिताचे. कॅमेऱ्याची वाट एका डोंगरातून जाते हे उशिरा लक्षात आले, तेव्हा वाट न बदलता डोंगरालाच खाच पाडली. हाच विभाग १९८६ मध्ये 'पिक्सार' झाला.

२००२ च्या डीव्हीडीत मेयरने काही दृश्ये परत जोडली. हल्ल्यात भाजलेल्या एका पोरसवदा शिकाऊ खलाशाला स्कॉटी हातांवर उचलून थेट जहाजाच्या सुकाणूकक्षात आणतो. इतका ऊर बडवण्यासारखे काय झाले, हे मला वर्षानुवर्षे कोडे होते. दोन-तीन वाक्ये परत आली आणि कळले, तो त्याच्या बहिणीचा धाकटा मुलगा, स्कॉटीचा भाचा.

आणि शेवट. माझी फीत स्पॉकच्या अंत्यविधीनंतर लगेच संपायची. शवपेटी अवकाशात सुटते, पडदा काळा. स्पॉक मेला, विषय संपला, अशी माझी ठाम समजूत होती. तिसऱ्या भागात तो परत येतो असे एका मित्राने सांगितले, तेव्हा त्याच्याशी मी तावातावाने भांडलो होतो. प्रत्यक्षात चित्रपटाच्या अखेरीस ती पेटी नव्या ग्रहाच्या हिरव्या झाडीत अलगद टेकलेली दिसते. हे दृश्य मूळ चित्रपटात नव्हते. चाचणी-खेळांत प्रेक्षकांना शेवट फार उदास वाटला, म्हणून ते नंतर सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कात चित्रित करून जोडले. मेयरचा त्याला विरोध होता. मेलेल्याला मेलेलेच राहू द्यावे, हे त्याचे म्हणणे.

म्हणजे कुणा अनाम कॉपीवाल्याकडे दहा मिनिटांची फीत कमी पडली, आणि मला दिग्दर्शकाच्या मनातल्या शेवटाच्या जवळपास जाणारा चित्रपट मिळाला. स्पॉक मरण्यापूर्वी मॅकॉयच्या गालावर बोटे टेकवून काहीतरी सोपवतो, तेवढी फट माझ्याही कॅसेटमध्ये होती; मला ती दिसली नव्हती.

कर्कच्या वाढदिवसाला मॅकॉय त्याला वाचायचा चष्मा भेट देतो. खानला चकवण्याच्या ऐन घाईत कर्कला तो चष्मा लावल्याशिवाय समोरचे आकडे दिसत नाहीत. वयाच्या विशीत हा प्रसंग मला विनोदी वाटला होता. यंदा माझा स्वतःचा चष्मा आतल्या खोलीत राहिला होता, म्हणून चकती थांबवली आणि तो घेऊन आलो. व्हीसीआर बनवणारी शेवटची जपानी कंपनी फुनाई. तिनेही २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. बुरशीची कॅसेट आता कुठे लावून पाहणार? ती पुसून, कोरड्या कापडात गुंडाळून परत माळ्यावर ठेवली आहे.